बाबांना पुन्हा पिंजऱ्यात कशाला?

ठाणे

प्रिय बंड्या,

बाबांच्या साक्षीबद्दलचा तुझा मेसेज वाचला. "काका खरं बोलतायत ना? मग विचारू देत की अजून चार प्रश्न. तुम्ही विरोध कशाला करताय?" याचं उत्तर मोबाइलवर टाईप करायला बसलो आणि अंगठे दुखायला लागले, म्हणून सरळ पत्रच लिहितोय.

चरईतल्या घराच्या वाटपाचा दावा तुला ठाऊकच आहे : बाबा वादी, दादा प्रतिवादी. बाबांचं सरतपासणीचं, म्हणजे स्वतःच्या बाजूने द्यायच्या साक्षीचं, प्रतिज्ञापत्र झालं, दादाच्या वकिलांनी उलटतपासणी मनसोक्त घेतली, आणि शेवटी तेच म्हणाले की आणखी काही विचारायचं नाही. मग त्यांचे साक्षीदार झाले, पुरावा संपल्याची पुरसीसही (कोर्टाला तसं लेखी कळवणं) त्यांनी दिली. प्रकरण युक्तिवादाला लागलं आणि नेमका तेव्हाच दादाने वकील बदलला. नव्या वकिलांचा पहिलाच अर्ज असा की वादीला पुन्हा साक्षीला बोलवा, कारण 1994 च्या पत्राबद्दल विचारायचं आधीच्या वकिलांकडून "अनवधानाने" राहून गेलं.

हे पत्र काही कुणाच्या माळ्यावर कालपरवा सापडलेलं नाही. कैफियतीसोबत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरासोबत, त्यांनीच दिलेल्या कागदांच्या यादीत ते पहिल्यापासून आहे. बाबांनी थोरल्या काकांना लिहिलं होतं, "घराचं काय ते तुम्हीच बघा." याचा अर्थ बाबांनी हक्क सोडला, असं दादाला आता म्हणायचंय. त्या काळी नळाला गळती लागली तरी बाबा काकांना असंच लिहायचे! त्या पत्राची भीती आम्हाला नाहीच.

तरी विरोध का, ते सांगतो. बाबा काय बोलले हे दादाकडे आता छापील आहे. कुठल्या प्रश्नाला ते अडखळले, कुठे "आठवत नाही" म्हणाले, सगळं. तो जबाब समोर ठेवून नवे प्रश्न बेतायचे, आणि कान गेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून जुन्या उत्तराला छेद देणारं एखादं वाक्य काढायचं, एवढाच हा डाव आहे. खऱ्या माणसालाही तीच गोष्ट वर्षभराने पुन्हा विचारली तर तो शब्दाला शब्द तसंच सांगेल का? मी तरी नाही सांगणार.

आमच्या वकीलबाईंनी कायदा समजावला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18, नियम 17 खाली साक्षीदाराला परत बोलावता येतं, दाव्याच्या कुठल्याही टप्प्यावर. पण तो अधिकार मुळात न्यायाधीशांचा, त्यांना जबाबात काही धूसर वाटलं तर खुलासा करून घेण्यासाठी. साक्षीतली राहिलेली भोकं बुजवायला तो वापरायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये वेर्णेकर-गोगटे प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. पूर्वी नियम 17-अ होता. आटोकाट प्रयत्न करूनही वेळेवर मिळाला नाही असा पुरावा नंतर आणायची सोय त्यात होती. तो 1 जुलै 2002 पासून रद्द झाला.

दादाचे वकील वेलुसामी नावाच्या प्रकरणावर उड्या मारतायत. 2011 च्या त्या निकालात त्याच संहितेच्या कलम 151 खाली, म्हणजे कोर्टाच्या अंगभूत अधिकारात, पुरावा पुन्हा खुला करता येतो असं म्हटलंय, हे खरं. पण तिथे पुरावा संपल्यानंतर झालेल्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण होतं, ते आधी देणार कुठून? आणि ही सवलत सरसकट द्यायची नाही, हेही त्याच निकालात आहे. इथे कागद पहिल्या दिवसापासून फायलीत, वकील हजर, साक्षीदार समोर उभा. वकील बदलला म्हणून साक्ष पुन्हा घ्यायची तर दावे संपणार कधी?

त्या अर्जावर आमचं म्हणणं, म्हणजे लेखी उत्तर, दाखल झालंय. त्याच्या शेवटी बाईंनी एक पर्यायी विनंती घातली : अर्ज मंजूर करायचाच झाला, तर प्रश्न फक्त त्या पत्रापुरते, एकाच तारखेला, आणि खर्च त्यांच्यावर. मला ते पटलं नव्हतं. विरोध करतानाच पळवाट दाखवल्यासारखं वाटलं. त्या म्हणाल्या, "अहो, कोर्टाने मोकळं दार उघडण्यापेक्षा फट उघडलेली बरी." यावर मी काय बोलणार! अजूनही तो परिच्छेद वाचताना कपाळावर आठी येतेच.

अर्ज फेटाळला तर ते राज्यघटनेच्या अनुच्छेद 227 खाली (खालच्या कोर्टांवर देखरेखीचा हायकोर्टाचा अधिकार) हायकोर्टात जातील, हेही बाईंनी आताच सांगून ठेवलंय. मला तर वाटतं दादाला पत्रापेक्षा वेळच हवाय. बाबांचं वय त्यालाही कळतंच की.

सुनावणी गणपतीनंतर आहे. त्या दिवशी कोर्ट नाक्यावर आलास तर बरं वाटेल, बाबांना घेऊन जिने चढणं एकट्याला जड जातं. त्याआधी त्यांना एकदा फोन कर. कोर्टाचा विषय काढू नकोस; क्रिकेटचं विचार, आणि जरा मोठ्याने बोल.

तुझाच,
पक्या