काच कागदात गुंडाळून

पुणे,
रविवार

प्रिय वसू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सोसायटीत फलक लावले, दंडाची नोटीस काढली, तरी ओला-सुका कचरा वेगळा होत नाही म्हणून तू वैतागली आहेस. माझ्या घरी काय झालं तेवढं सांगते.

आमच्याकडेही दोन बादल्या होत्या, पण दोन्हींत सगळं एकत्रच. कचरा न्यायला ‘स्वच्छ’ संस्थेच्या मावशी रोज यायच्या, त्यांचा चेहराही मी कधी नीट पाहिला नव्हता. एकदा फुटलेला पेला मी भाजीच्या देठांबरोबर तसाच टाकला. दुसऱ्या दिवशी मावशींच्या अंगठ्याला फडकं. म्हणाल्या, “ताई, काच कागदात गुंडाळून वेगळी देत जा.” रागाचा शब्द नाही. वसू, मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग त्यांच्याशी बोलायला लागले. कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ सालची, त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. सुका माल विकून येणारा पैसा त्यांचाच. दुधाची पिशवी धुऊन दिली तर तिला भाव येतो, खरकट्यात माखली की मातीमोल. हे ऐकल्यापासून आमच्या ओट्यावर पिशव्या वाळत असतात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, मावशींना न उघडता कळावं म्हणून त्यावर लाल ठिपका काढायचा, हे लेकीनं न सांगता उचललं.

कचरा तीन प्रकारे वेगळा करा, असं २०१६ च्या नियमांनी सांगितलंच होतं. मिळकतकरात सवलत मिळते म्हणून शेजारच्या इमारतीनं गांडूळखताचा खड्डाही केला. आज त्यावर झाकण आहे आणि झाकणावर कुंड्या. सवलतीनं सुरुवात होते गं, पण रोज सकाळी उठून कोण करणार?

आपल्या आया कशा करायच्या, आठवतं? बोहारणीशी तासभर घासाघीस करून जुन्या साड्यांवर एक पातेलं. उरलेल्या लुगड्यांची गोधडी. घरातून गेलेली वस्तू कोणाच्या हातात जाते, ते त्यांना दिसायचं. आपला कचरा गाडीत पडला की संपला. वहिनींचं माहेर फुरसुंगीचं, तिथल्या कचरा डेपोपायी विहिरींचं पाणी कसं नासलं ते त्या सांगतात तेव्हा कळतं, तो कुठे संपतो.

तेव्हा नोटिशीआधी तुमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या बाईंना एका मीटिंगला बोलव. त्यांनाच बोलू दे.

बेल वाजली, मावशी आल्या वाटतं. चहा ठेवते.

तुझी,
शालू