मादी झाड तोडल्यावर बी येणार कुठून?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नदीकाठच्या वृक्षतोडीवरचा आपला कालचा लेख वाचला आणि फार वाईट वाटले. वाळुंज, म्हणजे आपल्याकडे ओढ्या-नद्यांच्या काठी वाढणारा देशी विलो, भराभर वाढतो, त्याच्या फांद्या सहज जगतात, तेव्हा इथली झाडे तोडून तेवढीच दुसरीकडे लावली की झाले, असे त्यात म्हटले आहे. याच विचाराचे उत्तर मला दोन वर्षांपूर्वी एका कार्यालयातून मिळाले होते.

आमच्या घरामागच्या ओढ्यावर वाळुंजाची काही जुनी झाडे होती. संरक्षक भिंतीच्या आड येते म्हणून त्यातले एक तोडायचे ठरले. ते नेमके तिथले एकमेव मादी झाड होते. वाळुंजात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. फुलांना पाकळ्या नसतात, बारीक बारीक फुलांचे तुरे येतात. नराचे तुरे पुंकेसरांनी पिवळे दिसतात, मादीचे हिरवट राहतात. थंडीत झाड फुलावर असताना खाली उभे राहून वर पाहिले तर कोणालाही ओळखता येईल. मी अर्जात हे सगळे लिहिले, तुऱ्यांचे फोटो जोडले. 'त्याच जातीची इतर झाडे जागेवर शिल्लक आहेत' एवढेच उत्तर आले आणि झाड गेले. शिल्लक आहेत ती सगळी नर. ती फुलतात, मधमाश्या येतात, बी मात्र एकही धरत नाही.

भरपाईची रोपे लावली ती टेकडीच्या उतारावर! वाळुंज हे पाण्यात पाय सोडून राहणारे झाड. त्याचे बी अगदी बारीक असते. त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो, आणि थोड्याच दिवसांत ओला गाळ मिळाला नाही तर ते मरते. म्हणून तर ही झाडे सह्याद्रीतल्या ओढ्यांपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पाण्याची कड धरूनच सापडतात. भिंत बांधून काठ काँक्रीटचा केला की बी पडायला गाळच उरत नाही, हे लेखात कुठेही आलेले नाही.

फांदी लावली तर ती जगते, हे खरे आहे. पण नराच्या फांदीपासून नरच होणार. निदान मादी झाडाची फांदी आणून काठावर लावू द्या, ही माझी मागणी आजही तशीच पडून आहे. आणि वाळुंजाला 'निरुपयोगी' कोणी ठरवले? त्याच्या मुळांनी काठाची माती धरून ठेवली आहे, कोवळ्या फांद्यांच्या टोपल्या होतात, पाला गुरे खातात.

आणखी एक. लेखासोबत छापलेले छायाचित्र वाळुंजाचे नाही. जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या फांद्यांचे ते झाड म्हणजे बागेत हौसेने लावतात तो मूळचा चीनमधला विलो. आपला वाळुंज असा लोंबत नाही. त्याच्या फांद्या वर आणि बाजूला पसरतात, पानांची खालची बाजू पांढुरकी असते. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीसच त्याचे वर्णन आणि चित्र प्रसिद्ध केले आहे. असे चुकीचे छायाचित्र पाहून उद्या कोणी वृक्षगणनेला गेला, तर काठावरचा वाळुंज त्याला ओळखूच येणार नाही. कृपया दुरुस्ती छापावी, आणि तिच्यासोबत वाळुंजाच्या नर व मादी तुऱ्यांची छायाचित्रे द्यावीत. माझ्याकडे आहेत, मागितल्यास लगेच पाठवीन.

आपली,
एक नियमित वाचक