त्याचं वजन कुणीच केलं नाही : पालिका आयुक्तांना खुले पत्र

माननीय आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका, यांस
सविनय नमस्कार.

माझा धाकटा भाऊ 21 वर्षं स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेत होता. गेल्या वर्षी, वयाच्या 44व्या वर्षी, हृदयविकारानं गेला. भेटायला आलेले चाळकरी "सुटला बिचारा" म्हणाले. त्याला सुटायचं नव्हतं. माझ्या मुलीला तो रोज गणितं शिकवायचा.

ओलान्झापिन या गोळीनं कानात येणारे भासाचे आवाज थांबले, पण भूक आवरेना. गोळ्यांना मी वाईट म्हणणार नाही, त्यांच्यामुळेच तो घरात माणूस म्हणून राहिला. पण त्यांनी वजन आणि साखर वाढू शकते, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. दर महिन्याला मी केसपेपर घेऊन ओपीडीच्या रांगेत उभी राहायचे. झोप कशी, चिडचिड आहे का, एवढं विचारून गोळ्या मिळायच्या. वजनकाटा कोपऱ्यात होता, त्यावर त्याला कुणी उभं केलं नाही. डायबेटिस कळला तो पायाची जखम भरेना तेव्हा.

शेवटच्या आठवड्यात छाती भरून येते, हात दुखतो म्हणाला. कॅज्युअल्टीत जुने कागद पाहून "मनाचं आहे, गोळ्या वेळेवर द्या" असं सांगून आम्हाला परत पाठवलं. ईसीजी काढला नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, आणि त्यात मोठा वाटा हृदयविकार, मधुमेह, श्वसनविकार अशा टाळता येण्याजोग्या आजारांचा असतो. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 21 तर उपचारांत भेदभाव नको असं स्पष्ट म्हणतं.

केईएम, नायर, सायन, कूपर, सगळीकडच्या मानसोपचार ओपीडीत गोळी सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळानं वजन, पोटाचा घेर, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासून केसपेपरवर लिहिणं सक्तीचं करा. तपासणीचं रक्त घराजवळच्या, पालिकेच्याच 'आपला दवाखाना' केंद्रात घेतलं तर रुग्णाची एक खेप वाचेल. विडी-तंबाखू सोडवायला मदत हवी, आणि विडी सुटताना काही गोळ्यांचा डोस पुन्हा बघावा लागतो, तेही तिथेच व्हावं. छातीत दुखतं म्हणून आलेल्या माणसाचा आधी ईसीजी निघावा, त्याच्या हातात कुठलाही केसपेपर असो.

भावाची फाईल माझ्याकडे आहे. 21 वर्षांच्या त्या कागदांवर वजनाचा आकडा एकदाही लिहिलेला नाही. आपण वेळ द्याल त्या दिवशी ती घेऊन येते.

आपली नम्र,
लालबागची एक बहीण