दंतशिक्षणातली व्याख्याने पडद्यावर जाऊ द्या, क्लिनिक नको

संपादक महोदय,

मार्च २०२० मध्ये दंतमहाविद्यालये बंद झाली आणि बीडीएसचे (दंतवैद्यकाच्या पदवीचे) वर्ग मोबाइलवर आले. तेव्हा झालेल्या हालांमुळे अनेक प्राध्यापक आजही ऑनलाइनचे नाव काढू देत नाहीत. त्यांचा राग मला समजतो, पण तो भलत्याच ठिकाणी निघतो आहे. त्या काळात खरे नुकसान झाले ते क्लिनिकचे. दातांवर काम करताना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांच्या (एअरोसोलच्या) भीतीने ओपीडी थंडावली, प्रत्येक विद्यार्थ्याने हाताळायच्या रुग्णांचा कोटा पुरा होईना. व्याख्यानांचे फारसे बिघडले नव्हते.

शंभर जणांच्या बॅचला खालचा जबडा बधिर करणाऱ्या इंजेक्शनचे (ब्लॉकचे) प्रात्यक्षिक दाखवले, तर सुई कुठे टोचली ते पुढच्या चार-पाच जणांनाच दिसते. बाकीच्यांना सरांची पाठ. तेच जवळून चित्रित केले, तर सुईचा कोन प्रत्येकाला दिसतो आणि समजेपर्यंत पुन्हा पाहता येतो. मराठी माध्यमातून आलेल्या, एम्ब्रिऑलॉजीच्या (गर्भविज्ञानाच्या) इंग्रजीने धास्तावलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीला तर ही मोठीच सोय आहे.

पण सुई हाडाला टेकली हे बोटांनाच कळावे लागते. किडलेले मऊ डेंटिन (दाताचा आतला थर) संपून टणक भाग कुठे लागला, रडणाऱ्या मुलाला तोंड उघडायला कसे लावायचे, हे पाहून येत नाही. माझ्या दवाखान्यात सहायक म्हणून येणारे नवे पदवीधर रूट कॅनालची थिअरी घडाघडा सांगतात, पण पहिल्याच दाढेवर त्यांचा हात थरथरतो. मुले हुशार आहेत. खुर्चीपाशी त्यांना वेळच कमी मिळालेला असतो.

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला. आयोगाच्या नियमांत थिअरीची बरीचशी व्याख्याने रेकॉर्ड केलेल्या स्वरूपात मान्य व्हावीत आणि वाचलेला प्रत्येक तास प्रीक्लिनिकल लॅबला (रुग्णाआधी सराव होतो त्या प्रयोगशाळेला) व क्लिनिकलाच मिळावा. हे लेखी बंधनकारक हवे. नाहीतर ऑनलाइनच्या नावाखाली संस्था शिक्षकच कमी करतील, ही भीती मलाही आहे. फँटम हेडवर (सरावाच्या कृत्रिम डोक्यावर) काम करणाऱ्या आठ-दहा मुलांमागे एक शिक्षक उभा असलाच पाहिजे. पडद्यावर पाहिलेले प्रात्यक्षिक कोट्यात धरू नये, क्लिनिकच्या हजेरीत सूट देऊ नये.

हे व्हिडिओ नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने सर्व महाविद्यालयांसाठी एकत्रच करावेत. मुंबई-नागपूरच्या शासकीय महाविद्यालयांतले उत्तम शिक्षक मग आडवळणाच्या गावातल्या कॉलेजातल्या मुलांनाही ऐकायला मिळतील.

— एक दंतवैद्य, कराड