दरडीखालच्या गावांत आधी पाणी वळवा

मा. संपादक,
स. न.

माळीण (२०१४), तळीये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) : तिन्ही दुर्घटना जुलैतल्या. सह्याद्रीच्या उतारावर मुरूम-मातीच्या थराखाली कठीण कातळ असतो. मुरलेलं पाणी त्या सांध्यावर साचतं, दाब वाढतो, मातीची पकड सुटते आणि अख्खा थर घसरतो. तरीही खर्च होतो तो पायथ्याच्या भिंतीवर! त्या भिंतीतही दीड-दोन मीटरवर ठेवलेली पाणी काढणारी भोकं वर्षा-दोन वर्षांत बुजतात, कारण मागे खडी-वाळूचा गाळणथर घातलेलाच नसतो. मग पाणी तुंबून भिंतच पुढे झुकते.

आधी वस्तीच्या वरच्या अंगाला उताराला आडवा, ओढ्याकडे किंचित ढाळ असलेला चर खणून, तळ पक्का करून, पाणी बाजूच्या ओढ्यात सोडावं. पाणी मुरवणारे चर मात्र अशा उतारावर नकोतच. डोंगरावरच्या भेगा मेअखेर चिकणमातीने ठासून बुजवाव्यात. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांतलं अंतर पावसाळ्यात रोज टेपने मोजावं, वहीत तारखेनिशी लिहावं. अंतर वाढू लागलं, झाडं कलली किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर पंचनाम्याची वाट न पाहता त्याच दिवशी, उजेडी गाव हलवावं.

– भू-तांत्रिक अभियंते, रायगड