मंत्रीसाहेब, त्या चार कवितांची एकच प्रत आहे

मा. संस्कृतीमंत्री, ब्रिटन सरकार, यांस
नमस्कार.

मी लंडनला राहते. पत्र मराठीत लिहितेय कारण मनातलं मला मराठीतच नीट सांगता येतं, इंग्रजी करून तुमच्या ऑफिसला पाठवीनच.

विषय ब्रिटिश लायब्ररीतल्या एका पोथीचा, कॉटन नीरो ए टेन हे तिचं लायब्ररीतलं नाव. तळहाताहून थोडी मोठी, कातड्याची पानं, सहाशे वर्षांहून जुनी. आत चार इंग्रजी कविता, बारा रंगीत चित्रं. कवीचं नाव माहीत नाही, आणि या कवितांची दुसरी जुनी प्रत जगात कुठेच नाही. चित्रं कच्ची आहेत म्हणतात, म्हणू देत, पण त्यातल्या 'पर्ल' या कवितेत वारलेली लेक ओढ्यापलीकडे आणि बाप अलीकडे, ते चित्र बघितलं की मला पुढे वाचवत नाही.

ऑक्टोबर १७३१ मधे वेस्टमिन्स्टरच्या अ‍ॅशबर्नहॅम हाउसला आग लागली तेव्हा ही पोथी तिथेच होती. वाचली. तिथल्याच 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्याच्या पोथीच्या कडा करपल्या. 'माल्डनची लढाई' ही जुनी कविता तर जळूनच गेली, ती आज वाचता येते कारण आगीच्या आधी कोणीतरी बसून हाताने उतरवून घेतली होती. आपली पोथी जळली असती तर काय उरलं असतं, तिच्यातली सर गवेनची कविता पहिल्यांदा छापली गेली तीच १८३९ला!

म्हणून सांगते, नक्कल करून ठेवणं हे जपणंच आहे. कातडं दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, वरचा रंग तडकून सुटतो, म्हणून पानं जितकी कमी उलटावी तितकं बरं, आणि म्हणूनच लोकांना बघायला चांगले फोटो हवेत. ऑक्टोबर २०२३ला लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि पोथ्यांचे ऑनलाइन फोटो कितीतरी महिने गायब झाले. हल्लेखोरांनी मागितलेली खंडणी लायब्ररीने दिली नाही ते योग्यच केलं. या पोथीचे फोटो कॅलगरी विद्यापीठाच्या प्रोजेक्टमधे होते म्हणून अडलं नाही, पण बाकीच्या पोथ्यांचं काय?

माझं मागणं एवढंच. पोथ्या दुरुस्त करणाऱ्या माणसांसाठी आणि फोटोंच्या प्रतींसाठी बजेटमधे वेगळे पैसे ठेवा, जे दुसरीकडे वळवता येणार नाहीत. प्रती दोन-तीन शहरांत ठेवा, त्यातली एक तरी नेटला न जोडलेली. यंदा यातलं काय होणार ते कळवा, मी उत्तराची वाट बघतेय.

आपली,
लंडनमधली एक मराठी वाचक