आधी मैदान करा, मग गॅलरी बांधा

प्रति,
मा. संपादक,
स. न.

मुंबईतले महाविद्यालयीन फुटबॉल संघ आणि तिथली मैदानं यांविषयी आपल्या क्रीडा पानावर आलेला मजकूर वाचला, म्हणून हे पत्र. मी परभणीत क्रीडाशिक्षक आहे. मुलगा इथल्याच एका महाविद्यालयाच्या संघातून बचावफळीत खेळतो.

मागच्या हिवाळ्यात त्याला घेऊन देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो होतो. बहिणीकडे सामान टाकलं आणि आधी फुटबॉलचं कूपरेज मैदान गाठलं. दोन संघांचा सामना चालू होता. पोरगा जाळीला नाक लावून नुसता जमिनीकडं बघत उभा. थोड्या वेळानं म्हणाला, "पप्पा, चेंडू कसा सरळ जायलाय बघा की!" मला काही बोलता आलं नाही. आमच्या पोरांना पासिंग येत नाही, नुसते लांब फटके मारतात, असं निवड चाचणीत नेहमी ऐकायला मिळतं. ढेकळावर आपटून चेंडू कुठल्या कुठं जातो, तिथं पासिंग शिकवू तरी कसं?

याच कूपरेजवर 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स करंडक ही फुटबॉल स्पर्धा हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघानं जिंकली. प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. पुढं त्यांच्याच हाताखाली भारत 1956 च्या ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि 1962 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकला. त्या पाच वर्षांत परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद हे सगळे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. त्या विजयांचा आनंद आमच्या वडिलांच्या पिढीनं आपल्या घरचा म्हणून केला. फुटबॉल आमच्याकडं काल-परवा आलेला नाही.

मुंबईत सगळं आलबेल आहे असंही मी म्हणत नाही. तिथं एकेका मैदानावर चार-चार संघ सरावाला उतरतात. तरी कूपरेज आहे, अंधेरीचं मैदान आहे, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. 2017 साली 17 वर्षांखालील विश्वचषकाची एक उपांत्य लढत नेरूळलाच झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्यभरातल्या शाळांना फुटबॉल वाटले गेले. आमच्याही शाळेत आले. पोरं आठवडाभर नाचत होती. मग कडेच्या बाभळीचे काटे एकेका चेंडूत घुसले.

आमची अडचण काळ्या मातीची आहे. पावसाळ्यात ती फुगते, बुटाला किलोभर चिकटून बसते. उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत अख्खा पंजा जातो. गेल्या वर्षी माझ्या मुलाचा घोटा अशाच भेगेत मुरगळला, दीड महिना तो घरी होता. त्यात मैदान सभेला आणि लग्नाला भाड्यानं जातं. मंडपाच्या खांबांचे खड्डे कुणी बुजवत नाही. सरावाआधी आम्ही रांगेनं चालत खिळे वेचतो. एका संध्याकाळी बादलीचा तळ झाकला एवढे निघाले!

यावर उपाय आहे आणि तो फार महागडाही नाही. वरची काळी माती हातभर काढायची, खाली मुरूम दाबायचा, वर लाल माती पसरायची, मधून कडेला हलका उतार देऊन चर काढायचे आणि हरळी लावायची. हरळी आपल्या रानात कुणाच्या बापाला हटत नाही, ती मैदानावर तगणार नाही का? पाण्याचा प्रश्न खरा आहे. म्हणूनच प्रक्रिया केलेलं सांडपाणी मैदानाला द्यावं. पिण्याच्या पाण्याला हात लावा असं मराठवाड्यातला कुणी म्हणणार नाही. 400 मीटरच्या धावपट्टीच्या आत फुटबॉलचं मैदान बसतं, त्यामुळं क्रीडा संकुलांत वेगळी जागाही शोधावी लागत नाही.

पण निधी आला की आधी कमान उभी राहते, मग गॅलरी, मग रंगरंगोटी. माती तशीच राहते. माझी लोकप्रतिनिधींना आणि क्रीडा खात्याला कळकळीची विनंती आहे: प्रत्येक जिल्ह्यात निदान एक मैदान या पावसाळ्याआधी असं तयार करावं, संध्याकाळचे दोन तास ते महाविद्यालयीन संघांना, मुलींच्या संघांनाही, राखून ठेवावं आणि तिथं मंडपाला परवानगी देऊ नये. खिळे वेचायला आणि हरळी लावायला माझे विद्यार्थी आणि मी कुदळ-फावडं घेऊन येऊ.

आपला,
एक क्रीडाशिक्षक, परभणी